पुष्पचक्र पोचलं, बहीण खुशाल आहे

डोल्ना क्रुशा,
द्राक्षतोडणी संपल्यानंतरचा मंगळवार

आदरणीय नायडेनदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा रांगेल याचा मनापासून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? समुद्राची हवा गुडघ्यांना मानवत नाही असं आमच्याकडे म्हणतात (ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही तेच म्हणतात, त्यामुळे मनावर घेऊ नका). बुर्गासमध्ये मासळी स्वस्त असेल, ती गुडघ्यांना चांगली. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत असालच. नसाल, तर हे पत्र वाचण्याआधी एक घ्या.

इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे सगळेच, आणि हे मी ठासून लिहितोय, कारण पत्रास कारणच ते आहे. तुमचं पुष्पचक्र गुरुवारी दुपारच्या बसने पोचलं. फुलं ताजी होती, फितीवरची अक्षरं सोनेरी होती, आणि ज्या व्यक्तीसाठी ते पाठवलं होतं तिनेच ते बसवरून उतरवून घेतलं. दोब्रिना जिवंत आहे, दादा. उभे असाल तर बसा, आणि मग पुढे वाचा.

दोष कुणाचाच नाही. मध विकायला बुर्गासला येणाऱ्या स्टान्योने तुम्हाला जे सांगितलं, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या बसथांब्यावर, कुणी गेलं की लावतात तसा काळ्या कडेचा कागद, मध्ये लंबगोल चौकट, खाली ‘दोब्रिना मिनेवा’ आणि त्याखाली एक ओळ. असा कागद पाहिल्यावर आपल्यापैकी कोण खात्री करायला थांबतं? आपण टोपी काढतो, ‘देव क्षमा करो’ म्हणतो आणि मनातल्या मनात वयाचा हिशेब करत पुढे जातो. मीही तेच केलं असतं. (खरं सांगायचं तर केलंच. ते पुढे येईल.) दोष द्यायचाच असेल तर तो साहित्याला द्यावा लागेल, आणि त्यासाठी मला जरा मागे जावं लागेल.

तुम्ही गाव सोडल्यानंतर आपल्या वाचनालयात स्विलेना नावाची एक मुलगी आली. मुलगी म्हणजे चाळिशीला टेकलेली बाई, पण पेन्शन सुरू झालेली नसली की आपल्याकडे सगळ्या मुलीच. ती सोफियाहून आली, त्यामुळे तिला वाटलं गावातल्या लोकांना बोलायला आवडतं. तिने वाचकमंडळ काढलं. सगळ्यांनी एक पुस्तक वाचायचं आणि बुधवारी जमून त्यावर बोलायचं. दोब्रिना गेली, आणि घरी जेवण मिळेना म्हणून पाठोपाठ मी गेलो. वाचणं सगळ्यांना जमलं, दादा, बोलणं जमेना. ‘कसं वाटलं?’ असं स्विलेनाने विचारलं की जो तो ‘चांगलं आहे’ म्हणायचा आणि चीज घातलेल्या बानित्साच्या ताटाकडे बघायचा. केस कापणारा इग्नात, जो खुर्चीवर बसलेल्या माणसाला श्वास घेऊ देत नाही, तो तिथे मुका. ‘चांगलं आहे, पण जाड आहे’ हे आमच्या मंडळात वर्षभरात व्यक्त झालेलं सर्वात सखोल मत, आणि तेसुद्धा माझं.

शेवटी एका बुधवारी स्विलेनाने बानित्साचं ताट उचलून कपाटात ठेवलं आणि फर्मान काढलं. यापुढे पुस्तकावर कुणी अवाक्षर बोलायचं नाही. पुस्तक वाचायचं, मग बाहेर पडायचं, त्या पुस्तकासारखं झाड शोधायचं आणि त्याचा फोटो काढून आणायचा. खोलीत अशी शांतता पसरली की कपाटातल्या बानित्साचा वास ऐकू यावा. मग इग्नात म्हणाला, “पुस्तकासारखं झाड म्हणजे काय गं? पुस्तकं झाडाचीच करतात की.”

“मग उलटं जायचं,” स्विलेना म्हणाली.

मला हा शुद्ध पोरखेळ वाटला. घरी येईपर्यंत मी दोब्रिनाला तसं सांगत होतो, आणि ती ऐकत नव्हती. ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं बघत चालली होती. आमच्या मुलीने टाकून दिलेला फोन तिने त्याच संध्याकाळी पिठाच्या डब्यामागून बाहेर काढला आणि ओल्या फडक्याने पुसला.

पुस्तक होतं डोंगरातल्या एका पाणचक्कीवाल्याच्या विधवेचं. नवरा गेलेला, आसपासची गावं ओस पडत चाललेली, धान्य घेऊन कुणी येत नाही. तरी बाई रोज सकाळी पाट उघडते आणि दगड फिरवून ठेवते, एखादा आलाच तर त्याला थांबावं लागू नये म्हणून. कुणी येतं की नाही, ते लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, “चांगलं आहे.” दोब्रिनाने मिटलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं.

पुढच्या बुधवारी काय काय आलं ते सांगतो. इग्नातने अक्रोडाच्या बुंध्याचा फोटो आणला होता, झाड वरून सपाट कापलेलं. “शेवट असा छाटलाय,” तो म्हणाला, “माझ्या गिऱ्हाइकाचे मी असे केस कापले तर त्याचा कान जाईल.” आमच्या सरपंचबाईंनी कॉफीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या माडाचा फोटो आणला. त्यांचं म्हणणं, हे पुस्तक लिहिणाऱ्याने गाव कधी बघितलेलंच नाही. त्यावर पोस्टातली बाई उसळून म्हणाली की तिची आजी अगदी तश्शीच होती, आणि मग काय विचारता, दोन तास नुसती रणधुमाळी. बोलायचं नाही असं ठरल्यावर लोक बोलायला लागले. स्विलेना कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसत होती. त्या बाईला मी त्या दिवशीपासून मानतो.

आता माझ्या फोटोबद्दल. (स्वतःबद्दल बोलू नये, पण दुसरं कुणी बोलत नाही.) मी विजेच्या खांबाचा फोटो नेला होता. आमच्या वळणावरचा जुना, लाकडी. दोब्रिना म्हणाली, “अहो, हे झाड नाही.” मी म्हणालो, “होतं. आता फांद्या गेल्या, पानं गेली, कामाला लावलंय, आणि तरी उभं आहे.” खरी गोष्ट अशी की मी विसरलो होतो आणि जाता जाता समोर दिसलं ते टिपलं होतं. पण स्विलेनाने चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की विधवा तिला या खांबात दिसली. तेव्हापासून घरात माझं वागणं असह्य झालंय असं तुमच्या बहिणीचं मत आहे.

तिने स्वतः मात्र काहीच आणलं नव्हतं. “सापडलं नाही,” एवढंच म्हणाली. आणि मग आमच्या घरात झाडांचं जे पर्व सुरू झालं, ते शत्रूवरसुद्धा येऊ नये. सकाळी उठून बाई बाहेर. मागून शिडी घेऊन मी. आधी चर्चमागचं लिंडेनचं झाड. त्याचे तिने सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि संध्याकाळी सगळे पुसून टाकले, का तर “हे फार समाधानी आहे.” मग ओढ्याकाठचा विलो. “हा दाखवण्यासाठी रडतो.” मग तुतीचं झाड, त्याला म्हणे स्वभावच नाही. उलट्या पावलांनी मागे सरकत फोटो काढायची तिला सवय लागली, त्यामुळे एकदा ती चरात गेली आणि एकदा सरपंचबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींत. एका मेडलरच्या झाडासाठी मी शिडी धरून उभा होतो, ती वर चढून म्हणत होती, “जरा डावीकडे, जरा डावीकडे,” आणि मी डावीकडे सरकत सरकत खाजकुइलीच्या बेटात कमरेपर्यंत गेलो. मी ओरडलो तर म्हणाली, “हलू नका, प्रकाश जातोय.” गावात लोक मला विचारायला लागले की दोब्रिनाचं काही हरवलंय का. मी सांगायचो, हो, पुस्तक. 

मला राग यायचा, पण खरं सांगू का, दादा, रागापेक्षा नवल जास्त वाटायचं. इतकी वर्षं ही बाई माझ्यासमोर मिरच्या भाजतेय, बरण्या भरतेय, कोंबड्यांशी भांडतेय. तिच्या डोक्यात झाडांबद्दल आणि माणसांबद्दल एवढं काही असेल याची मला कल्पना नव्हती. एखाद्या झाडाखाली ती उभी राहायची, सालीवर हात ठेवायची आणि म्हणायची, “नाही. ही वाट बघत नाहीये, हिला सवय झालीय. त्यात फरक आहे.” मी पुस्तक वाचलं होतं, तरी हा फरक मला तिथे दिसला नव्हता. खाजकुइली खाजवत खाजवत मी तो रस्त्यात समजून घेतला.

आणि एका दुपारी तिला झाड सापडलं. ते कुठे सापडलं हे लिहायच्या आधी मी एक घोट घेतलाय, कारण ते झाड तुमचं आहे.

वाटणीच्या वेळी नासपती तुमच्याकडे गेली, तुम्ही मध्ये फळ्यांचं उंच कुंपण घातलंत, दाराला कुलूप लावलंत आणि किल्ली घेऊन बुर्गासला गेलात. दोब्रिना काय बोलली, तुम्ही काय बोललात, ते मी उगाळत नाही, मी तेव्हाही मध्ये पडलो नव्हतो आणि आताही पडत नाही. तेव्हापासून तिने त्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही. आमच्या अंगणात पडणाऱ्या नासपती ती झाडून डुकराला घालते, एक कधी तोंडात टाकलेली मी पाहिली नाही. त्या कुंपणाकडे ती बघतसुद्धा नाही असं मला वाटायचं. पण त्या दुपारी मी कोंबड्यांना दाणे घालायला मागे गेलो, तर ही कुंपणासमोर गुडघ्यांवर बसलेली. एका फळीतली गाठ वाळून गळून पडली आहे, तिथे अंड्याएवढं भोक आहे. त्या भोकाला फोन लावून ती बसली होती. मी दाणे तसेच हातात धरून उभा राहिलो आणि कोंबड्यांनी माझे बूट टोचून काढले.

तो फोटो मी पाहिला, दादा. सगळीकडे काळोख, मध्ये लंबगोल उजेड, आणि त्या उजेडात तुमची नासपती. खाली कुणी न कापलेलं गवत छातीएवढं वाढलेलं, आणि झाड फळांनी असं लगडलेलं की फांद्या गवताला टेकल्यात. तोडायला कुणी नाही. पाणचक्कीवाली बाई पुस्तकात जी होती ती होती, पण ही मला आत कुठेतरी लागली. मी त्या झाडाच्या सावलीत लग्नाआधी तुमच्याबरोबर राकिया प्यायलेला माणूस, मला ते झाड पाठ आहे असं वाटायचं. मी त्याला पहिल्यांदा पाहत होतो. दोब्रिनाला मी म्हणालो, “चांगलं आहे.” ती म्हणाली, “पण जाड आहे, असंच ना?” आणि हसली, पण डोळे पुसत हसली.

बुधवारी ते चित्र टेबलावर ठेवलं तेव्हा इग्नातने टोपी काढली. सरपंचबाई म्हणाल्या की माड त्या परत घेतात. माझ्या खांबाचं नाव कुणी काढलं नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. (थोडं वाटलं.)

आता अनर्थाकडे येतो. स्विलेनाने ठरवलं की एवढं सुंदर काम गावाने बघायला हवं, प्रदर्शन भरवू. वाचनालयाच्या सभागृहाचं छत गळतं, म्हणून प्रदर्शन उघड्यावर. प्रत्येक फोटो कागदावर छापायचा, खाली काढणाऱ्याचं नाव, त्याखाली पुस्तकातली आपल्या आवडीची एक ओळ, आणि पावसासाठी वरून प्लास्टिक. कागदाला तिने काळी कड दिली. सोफियात म्हणे काळ्या कडेने चित्र उठून दिसतं. आणि मग आम्ही सगळे, ह्याच मातीत जन्मलेली, शहाणीसुरती म्हातारी माणसं, आपापले कागद घेऊन लावायला निघालो, आणि कुठे लावायचे यावर चर्चासुद्धा झाली नाही, हात आपोआप गेले. एक स्वतःच्या फाटकावर, एक चर्चच्या दारावर, एक ब्रेडच्या दुकानाशी आणि एक बसथांब्यावर. काम झाल्यावर इग्नात दोन पावलं मागे सरून म्हणाला, “किती ओळखीचं वाटतंय, नाही?” आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपेतच ब्रेड आणायला गेलो. दुकानाशी कागद दिसला. मी टोपी काढली, ‘देव क्षमा करो’ म्हणालो, बिचाऱ्याचा धड एक फोटोसुद्धा घरच्यांना मिळाला नाही, झाड लावलंय असं मनात आलं, आणि मग नाव वाचलं. घरी मी धावत आलो. दोब्रिना मिरच्या सोलत होती. म्हणाली, “काय झालं?” मी म्हणालो, “ब्रेड गरम आहे.”

आणि ओळ कुठली निवडली होती हिने? पुस्तकातली विधवा एकदा जात्यापाशी बसून म्हणते ती: ‘मी अजून इथेच आहे.’ आता सांगा. दुपारपर्यंत मिर्का आजी मेलेल्याच्या नावाने वाटतात त्या शिजवलेल्या गव्हाचं भांडं घेऊन फाटकात हजर. दोब्रिना कोंबड्यांमागे धावत होती. म्हातारीने तिला नीट न्याहाळलं, कागद नीट न्याहाळला, आणि कागदावर विश्वास ठेवला.

“देव तिला क्षमा करो,” म्हणाली आणि भांडं पुढे केलं.

“अहो आजी, मी आहे ना,” दोब्रिना म्हणाली.

“असशील. पण गहू शिजवलाय तो काय कोंबड्यांना घालू? घे. साखर चांगली पडलीय.”

दोब्रिनाने स्वतःच्या नावाचा गहू खाल्ला, स्वतःला ‘देव क्षमा करो’ म्हणाली आणि दालचिनी कमी आहे असं सांगितलं. त्यावरून म्हातारी रुसून गेली. मागोमाग फादर प्रोकोपी धूपदान घेऊन आले. त्यांना वस्तुस्थिती सांगितल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडून राकिया स्वीकारली, आणि सवयीने पहिला घोट मयताच्या नावाने आमच्या जमिनीवर सांडला. शहरातला शवपेट्यांचा दुकानदार गाडी घेऊन आला, कारण एका बसथांब्यावर एकाच वेळी एवढे कागद त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. घाऊक सवलत देईन म्हणाला. इग्नातने पेटीची लांबी विचारून घेतली, केव्हातरी लागेलच म्हणून. स्विलेना रडकुंडीला आली होती, पण दोब्रिना हसत होती. कागद काढू या असं मी म्हणालो, तर म्हणे, “राहू दे. जिवंतपणी कोण गहू घेऊन येतं? जरा बघू द्या मला, कोण कोण येतंय ते.”

हे तिने हसत म्हटलं होतं. आणि मग गुरुवारी बस आली.

आम्ही दोघं बरण्यांची झाकणं शहरातून यायची होती म्हणून थांब्यावर उभे होतो. बसवाला कोल्यो खाली उतरला, टोपी काखेत, दोन्ही हातांत पुष्पचक्र. “मिनेवांपैकी कोण आहे?” त्याने विचारलं.

“मी आहे,” दोब्रिना म्हणाली.

“माझं सांत्वन असू द्या.”

“कोण गेलं हो?”

“कुणी दोब्रिना म्हणून होत्या.”

“अरेरे,” तुमची बहीण म्हणाली, “बरी होती हो बाई.” आणि चक्र हातात घेऊन तिने फीत वाचली. ‘बहिणीस, नायडेनकडून.’ मग ती हसायची थांबली.

चक्र तिने स्वतः उचलून घरी नेलं. वाटेत सगळे विचारत होते आणि ती सांगत होती, “माझंच आहे.” झाकणं आणायची राहिली. घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, चक्र मांडीवर, कोट अंगावर तसाच.

“म्हणजे त्याला वाटलं मी मेले,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तो आला नाही.”

मी तुमच्या गुडघ्यांचा विषय काढला. ती म्हणाली, “एवढं जड चक्र स्टँडवर नेलं ते काय गुडघे घरी ठेवून नेलं?” मग ती चक्राची फीत बोटांनी सरळ करत बसली. तिचा राग मला पाठ आहे, दादा, तो भांड्यांतून ऐकू येतो. हा राग नव्हता. तिला लागलं होतं. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि तुम्हाला चालत असेल तर सांगतो, तुमच्याबद्दलही वाटलं.

बऱ्याच वेळाने ती उठली, कोट काढला आणि तारेतून एकेक कार्नेशन सोडवायला लागली. फुलं अर्थातच सम होती, मेलेल्या माणसाला देतात तशी. तिने त्यातलं एक वेगळं काढलं, बाहेर गेली आणि कुंपणावरून नासपतीच्या बाजूला टाकून दिलं. उरलेली पाण्याच्या जगमध्ये घालून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “आता जिवंत माणसाची झाली.” रोज सकाळी ती त्यांचं पाणी बदलते.

तर हा असा प्रकार. केवळ गैरसमज दूर व्हावा एवढ्यासाठी हे पत्र. तुम्ही यावं, बोलावं असं काही मी सुचवत नाही, दोघंही मोठे आहात, आपापलं जाणता. आमच्याकडे हवा चांगली आहे, यंदाची राकिया स्वच्छ उतरली आहे. गुडघ्यांना राकिया बाहेरून चोळावी, आतून आमच्याकडची घ्यावी. प्रकृतीला जपा.

तुमचा नम्र,
रांगेल

ता.क. फोटो सोबत ठेवला आहे. हात लांब करून धरा आणि घाई करू नका. डावीकडे खाली गवतात जे काळं दिसतंय ती तुमच्या वडिलांची शिडी आहे. ती अजून झाडाला टेकून उभी आहे हे आम्हालाही फोटो मोठा केल्यावरच कळलं.

आणखी एक ता.क. मी वर लिहिलं की मी काही सुचवत नाही, ते सभ्यपणाने लिहिलं होतं. खरं काम असं आहे. स्विलेनाने पुढच्या बुधवारसाठी सांगितलंय की तेच पुस्तक पुन्हा वाचायचं आणि तेच झाड पलीकडच्या बाजूने टिपायचं. इग्नात बुंध्याभोवती एकदा फिरून आला, त्याचं काम झालं. दोब्रिनाचं अडलंय, कारण तिची पलीकडची बाजू कुलपाआड आहे. ते कुलूप असं गंजलंय की मी पक्कडीने एका झटक्यात तोडीन, पण ती तोडू देत नाही. म्हणते, कुलूप त्याचं आहे, तो उघडेल. तेव्हा किल्ली हवी आहे. किल्ली पोस्टाने पाठवू नका, पोस्टात वस्तू गहाळ होतात (आमच्या मंडळातल्या पोस्टातल्या बाईनेच सांगितलंय). 

शेवटचा ता.क. हे लिहू की नको असं पहिल्या ओळीपासून चाललंय. चक्र दिल्यावर कोल्योने मला बाजूला घेतलं. बुर्गासच्या स्टँडवर एक म्हातारा काळा कोट घालून, चक्र घेऊन बसमध्ये चढला, तिकीट काढून पुढच्या सीटवर बसला, बस सुटायच्या वेळी उठला, चक्र सीटवर ठेवून म्हणाला, ‘हे तेवढं पोचवा,’ आणि उतरला. कोल्यो म्हणतो, बस वळेपर्यंत तो तिथेच उभा होता. हे मी दोब्रिनाला सांगितलेलं नाही. मध्ये पडायचं नाही हा माझा नियम आहे. आता मी पाकीट आणायला पोस्टात जातोय, पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जगशेजारी, उघडंच ठेवतो.

दादा,
हे मुद्दाम उघडं ठेवून गेलेत. पाकिटं इथे खणातच आहेत. सगळं वाचलं. खाजकुइली कमरेपर्यंत नव्हती, घोट्यापर्यंत होती. बाकी बरंचसं खरं आहे.
मेलेल्या बहिणीला तोंड दाखवायचा तुला धीर झाला नाही, ते समजलं. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. बाकी सगळ्याबद्दल म्हणणार आहे, ते ऐकून घ्यावं लागेल, आणि मग जेवून घ्यावं लागेल.
शनिवारची बस धर. आणि या वेळी उतरायचं ते आमच्या थांब्यावर उतर.
दोब्रिना